परदेशात एनआरएमचं मास्टर्स आणि ट्रान्स्क्रिप्टची खिडकी (माझा अनुभव)

नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन, म्हणजे एनआरएम, यात परदेशी मास्टर्स करायचं म्हटलं की सगळे आधी विद्यापीठांची यादी काढून बसतात. यादी होते, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा होते, एसओपीही (हा कोर्स का करायचाय ते सांगणारा निबंध) होतो. जीव जातो तो आपल्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, ट्रान्स्क्रिप्टच्या (विद्यापीठाने प्रमाणित केलेला गुणांचा उतारा) खिडकीवर. म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितोय.

तरी एक गोष्ट आधी ठरवून घ्या: थीसिसचं मास्टर्स की कोर्सवर्कचं? अमेरिकेत थीसिसच्या एमएससाठी बहुतेक ठिकाणी अर्जाआधीच गाइड गाठावा लागतो. प्रकल्पात पैसे असतील तर तो रिसर्च असिस्टंटशिप देतो, म्हणजे फीचा भार उतरतो आणि स्टायपेंडही मिळतो. कुठलाच प्राध्यापक घ्यायला तयार नसेल तर मार्क कितीही असोत, अर्ज बाजूला पडतो. एमएनआर (मास्टर ऑफ नॅचरल रिसोर्सेस) सारख्या व्यावसायिक पदव्यांना गाइड लागत नाही, पण पैसे बहुतांशी आपल्या खिशातून. येलमध्ये एमईएम (पर्यावरण व्यवस्थापन) आणि एमएफ (वनशास्त्र) व्यावसायिक, एमईएससी (पर्यावरण विज्ञान) आणि एमएफएस (वनविज्ञान) संशोधनाच्या. पदवीचं नाव नीट वाचलं तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. युरोपात हा प्रश्न कमी छळतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनचं वन आणि निसर्गसंवर्धनाचं एमएससी २ वर्षांचं, १२० ईसीटीएसचं (युरोपातली क्रेडिट), आणि थीसिस त्यातच धरलेला. नकाशे आणि रिमोट सेन्सिंगकडे ओढा असेल तर तिथल्याच ट्वेंटे विद्यापीठाची आयटीसी ही भू-माहितीशास्त्राची शाखा बघा.

आता खिडकी.

एनआरएमच्या विभागांना बीएस्सीचा एकूण टक्का पुरत नाही. संख्याशास्त्र, परिसंस्थाशास्त्र, मृदाशास्त्र, रसायन यांपैकी काय, किती शिकलात हे त्यांना विषयवार हवं असतं. आपल्या जुन्या वार्षिक पद्धतीच्या गुणपत्रिकेवर मात्र 'वनस्पतिशास्त्र पेपर ३' एवढंच छापलेलं. त्या पेपरात अर्धं संख्याशास्त्र होतं हे बाहेरच्याला कळणार कसं? तिथल्या समितीला ते दिसलं नाही तर सशर्त प्रवेश मिळतो आणि पदवीपातळीवरचे कोर्स आधी भरून काढायला सांगतात. त्यांची फी पडते, आणि बहुतेक वेळा ते मास्टर्सच्या क्रेडिटमध्ये धरत नाहीत.

परीक्षा विभाग काय देतो? गुणांचा तोच तक्ता, नव्या लेटरहेडवर. विषयांचा तपशील मागितला की 'तो कॉलेजचा विषय', कॉलेजात गेलं की 'सिलॅबस विद्यापीठाचा, आम्ही शिक्का कसा मारू'. या टोलवाटोलवीवर उपाय एकच: तक्ता स्वतः टाइप करून न्यायचा. पेपरचा क्रमांक, शैक्षणिक वर्ष, थिअरीचे तास, प्रात्यक्षिकाचे तास, कमाल गुण, आणि प्रत्येक पेपरखाली मुख्य घटकांच्या दोन ओळी. सोबत आपण शिकलो त्याच वर्षाचा सिलॅबस. संकेतस्थळावर सध्याचा असतो आणि तो जोडला तर पेपरांचे क्रमांक जुळत नाहीत. जुना विभागाच्या कपाटात किंवा ग्रंथालयात सापडतो. विभागप्रमुखांना हा तयार कागद दिला तर सही मिळते. कोरी विनंती दिली तर 'बघतो' मिळतं.

तासांचे रकाने भरताना जपा. अमेरिकी सेमिस्टरचं १ क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गातलं शिकवणं. १ ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तास, पण त्यात घरचा अभ्यासही आला. दोन्हींची सरमिसळ झाली की तिकडे गुण तपासणारा माणूस तक्ताच बाजूला ठेवतो. क्वार्टर पद्धतीची (सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांची) विद्यापीठं आणखी वेगळी: ओरेगन स्टेटला ४५ क्रेडिट दिसली म्हणून दचकू नका, सेमिस्टरच्या हिशेबात ती ३० होतात.

लिफाफ्याचंही एक शास्त्र आहे. कागद आत, लिफाफा परीक्षा विभागानेच बंद केलेला, शिक्का आणि सही जोडावर अर्धी-अर्धी. मूल्यांकन संस्थेने (परदेशी विद्यापीठासाठी आपली पदवी आणि गुण तपासून देणारी) दिलेला संदर्भ क्रमांक बाहेर लिहायचा. तो नसेल तर पाकीट कुठल्या अर्जदाराचं हेच तिथे कळत नाही. गुणपत्रिकेची मागची बाजूही स्कॅन करा, श्रेणींचा खुलासा तिथेच असतो. एटीकेटीची गुणपत्रिका वगळू नका, एकूण बेरीज जुळत नाही आणि शंका येते. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणांची सरासरी) स्वतः करू नका. अर्जात मूळ गुण आणि मूळ कमाल गुण लिहा.

आणि ज्यामुळे निष्कारण घालमेल होते ते: अमेरिकेतली बरीच ग्रॅज्युएट स्कूलं अर्जाच्या वेळी स्वतः अपलोड केलेला स्कॅन चालवून घेतात, सीलबंद प्रत प्रवेश मिळाल्यावर मागतात. विभागाच्या पानावर हे लिहिलेलं असतं. तसं असेल तर खिडकीसाठी अर्ज अडवून ठेवू नका.

गाइडला मेल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करा. बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. मेल दीडशे शब्दांचा पुरे: त्यांचा कुठला पेपर वाचला, तुम्हाला आर (संख्याशास्त्राचं) किंवा क्यूजीआयएस (नकाशांचं) यांपैकी कुठलं सॉफ्टवेअर येतं, फील्डवर काय मोजलंय, आणि पुढच्या वर्षी निधीची जागा आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. टेक्सस ए अँड एमच्या नॅचरल रिसोर्सेस जॉब बोर्डवर असिस्टंटशिपच्या जाहिराती येतात. तिथे प्रकल्प, निधी आणि संपर्क एकत्र मिळतो, त्यामुळे अंधारात मेल टाकण्यापेक्षा ते बरं.

इरास्मस मुंडुसचं, म्हणजे युरोपीय संघाच्या संयुक्त मास्टर्सचं, राहिलंच. शिष्यवृत्ती मिळाली तर महिना १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, आणि शिक्षण किमान दोन देशांत. स्पर्धा अर्थातच मोठी.

पूर्ण ऑनलाइन एमएनआरवर अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, हे फॉर्म भरण्याआधी लक्षात घ्या. आणि विभागप्रमुखांची सही निळ्या शाईत घ्या. काळी सही स्कॅनमध्ये झेरॉक्ससारखी दिसते, आणि मग 'मूळ प्रत पाठवा' म्हणून मेल येतो, की परत तीच खिडकी.