पोपटाला तिखट लागत नाही

जूनची दुपार. पावसाचा पत्ता नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतोय आणि समोरच्या कडुलिंबावर पोपटांची टोळी लिंबोळ्यांवर तुटून पडलीय. अर्धी खायची, अर्धी टाकायची. उष्टं टाकण्यात हा पक्षी पहिल्यापासून सावकार.

नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात आत्याचा मिठू होता. तो पहाडी आहे, असा तिचा ठाम दावा. पहाडीच्या पंखावर खांद्याशी लाल डाग असतो. याला नव्हता, पण आत्याला सांगणार कोण? ती त्याला भिवापुरी मिरची द्यायची. दोन बोटं पुढे, दोन मागे अशा पक्क्या पकडीत मिरची धरून तो ती टोकापासून चिरायचा, बिया तेवढ्या गट्टम. आम्हाला वाटायचं, काय शूर गडी! शूर कसला, पक्ष्यांना मिरचीचा जाळ जाणवतच नाही.

पाहुणे आले की "मिठू, राम राम म्हण." मग आम्ही पोरं, पाढे म्हणायला. आम्ही म्हणायचो, तो ढिम्म. पाहुणे फाटकाबाहेर पडले की हुबेहूब आत्याच्या आवाजात ओरडायचा, "दूध उतू गेलं!" ती धावत सुटायची. अमेरिकी संशोधक आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स हा आफ्रिकी करडा पोपट रंग, आकार ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा, कंटाळला की परत जायचंय म्हणून सांगायचा. 2007 मध्ये तो गेला. त्याची बुद्धी जगाने मान्य केली. आमच्या मिठूला मात्र सगळे आगाऊ म्हणायचे.

हल्ली वाचलं, ससाणा नात्याने घारीपेक्षा पोपटाला जवळचा. सोयरिकी कुठे निघतील, नेम नाही.

पुढे मिठू छातीवरची पिसं उपटायला लागला. काका म्हणाले, उष्णता झाली, सांबार म्हणजे कोथिंबीर द्या. आत्याने दृष्ट काढली. पिसं जायला कारणं बरीच: चोच-पिसांचा विषाणू, नुसत्या दाण्यांवर ठेवल्याने 'अ' जीवनसत्त्वाची उणीव. पण विषाणू असला तर बहुधा डोक्यावरचीही झडतात. मिठूचं डोकं शेवटपर्यंत हिरवंगार होतं, कारण स्वतःची चोच तिथे पोचत नाही. म्हणजे तो स्वतःच उपटत होता. पोपट थव्याने राहणारी जात. वाड्यात माणसं ढीगभर होती, येताजाता सगळी त्याच्याशी बोलायची.

पोपट तो एकटाच होता.