सात की आठ

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी हर्णैला घरी आले होते. संध्याकाळी बाबांबरोबर पुळणीवर गेले. बोटीची सुरमई उतरली होती, लिलाव चालू होता. व्यापारी म्हणाला, "सात." बाबांनी मान हलवली, माल गेला. पैसे हातात पडल्यावर बाबा म्हणाले, "आठ हजार ठरले होते." वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाला त्यांनी चारचौघांत लबाड म्हटलं. मी दोघांच्या मध्ये उभी होते. तो सातच म्हणाला होता.

घरापर्यंत मी काही बोलले नाही. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत आतल्या कानावर संशोधन करते. 'स' हा बारीक, उंच पट्टीतला आवाज. त्याचा बराचसा भाग चार हजार हर्ट्झच्या वर असतो. 'आ' खालच्या पट्टीतला आणि भरीव. उंच पट्टी गेली की 'सात'मधला 'आ' तेवढा पोचतो, बाकीचं मन आपल्या अंदाजानं भरतं. बाबा बत्तीस वर्षं डिझेल इंजिनाला टेकून बसलेत. सुट्टीत घरी आले की मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलायचे, आणि ते का करावं लागतं हे मी एकदाही तपासलं नव्हतं.

तपासणीला ते तयार नव्हते. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आतेभावानं बाजारातून कानाचं एक यंत्र आणून दिलं होतं, कुठलीही तपासणी न करता. ते शिट्टी मारायचं आणि सगळंच मोठं करायचं. ज्याची फक्त उंच पट्टी गेली आहे, त्याला असं यंत्र लावलं की आधीच नीट ऐकू येणारा इंजिनाचा घरघराट डोक्यात घुसतो. चार दिवसांत ते कपाटात गेलं, आणि "यंत्रानं काय होत नाय" हे घरात कायमचं ठरलं.

१ जूनला मासेमारीबंदी लागली, बोट वर घेतली, तेव्हा मी पुन्हा आले आणि त्यांना एसटीनं रत्नागिरीला नेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला. मळ तसाच ठेवून केलेली चाचणी फसवते, म्हणून कुणी थेट यंत्रच दाखवायला लागलं तर तिथून उठावं असं माझं मत आहे. मग ऑडिओमेट्री. आवाज येऊ नये अशी एक छोटी खोली, डोक्यावर हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला तरी दाबायचं. मी काचेबाहेर ऑडिओलॉजिस्टच्या मागे उभी होते. ती चार हजार हर्ट्झवर आली. वीस डेसिबल, तीस, चाळीस. बाबांचा अंगठा बटणावर तयार होता आणि ते समोर बघत होते, अगदी लक्ष देऊन, शाळेतल्या मुलासारखे. पन्नास. साठ. मला यंत्रावरचा आकडा चढताना दिसत होता. सत्तरला अंगठा हलला.

आलेख हातात आला. उजवा कान लाल गोलांनी, डावा निळ्या फुल्यांनी. दोन्ही रेषा सुरुवातीला बऱ्या आणि चार हजारापाशी खड्ड्यात गेलेल्या, आठ हजारावर थोड्या वर आलेल्या. गोंगाटानं गेलेल्या कानाची ही खूण. डावा जास्त खराब, कारण इंजिन डावीकडे असायचं.

रात्री आईनं विचारलं, "काय गो, तू कानावरच शिकतेस ना? मग तुझ्याकडं ह्याच्यावर औषध नाय?"

मी वहीच्या कागदावर शंख काढला. आतल्या कानात अडीच वेढ्यांची अशी नळी असते, कॉक्लिया. तिच्यातल्या एका कप्प्यात पोटॅशियमनं भरलेलं पाणी असतं, आणि कडेच्या भिंतीतला एक रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा त्या पाण्याला सुमारे ८० मिलिव्होल्टचा दाब देऊन ठेवतो. "म्हणजे बॅटरी," बाबा म्हणाले. बॅटरीच. त्या दाबावर केसपेशी चालतात, म्हणजे डोक्यावर केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी, आणि केसपेशी हलल्या की मेंदूला आवाज कळतो.

माझं काम ह्या बॅटरीवर आहे. ती टिकून राहायला एका चरबीच्या रेणूचा इशारा लागतो, स्फिंगोसिन-१-फॉस्फेट. स्फिंगोसिन हे नाव थुडिकम या संशोधकानं १८८४ साली मेंदूतल्या चरबीला दिलं, स्फिंक्सच्या कोड्यावरून, कारण ती काय करते हे त्याला उलगडेना. हा इशारा पकडणारी पाच प्रथिनं शरीरातल्या पेशींवर असतात, त्यांना ग्राहक म्हणतात (इंग्रजीत रिसेप्टर). दुसरा ग्राहक नसलेले उंदीर बहिरे होतात. ही चरबी पेशीबाहेर सोडणारं एसपीएनएस-२ हे प्रथिन नसेल, तर पिल्लू आधी ऐकतं आणि मग काही आठवड्यांतच बॅटरी उतरत जाते. २०१६ साली पाकिस्तानातल्या दोन कुटुंबांत जन्मजात बहिरेपणाचं कारण त्याच दुसऱ्या ग्राहकाच्या जनुकात सापडलं.

बॅटरी मोजणं हे माझ्या कामातलं सगळ्यात नाजूक काम. भूल दिलेल्या उंदराच्या कानात केसाहून बारीक काचेची सुई घालायची. सुई योग्य कप्प्यात शिरली की पडद्यावरचा आकडा शून्यावरून एकदम ऐंशीच्या वर उडी घेतो. श्वास थांबला तर तोच आकडा मिनिटांत कोसळतो. पहिल्यांदा ती उडी बघितली तेव्हा माझे हात थरथरले होते.

माझे पहिले आठ महिने मात्र वाया गेले. ही चरबी पाण्यात टाकली तर ती पाण्यात राहत नाही, प्लॅस्टिकच्या नळीला चिकटून बसते. मी पेशींना ती देत होते आणि पेशींपर्यंत काहीच पोचत नव्हतं. आईला फोनवर रडत सांगितलं, तर ती म्हणाली, "तारली साफ केल्यावर नुसत्या पाण्यानं हात निघतात का? कायतरी लावायला लागतं." लावायचं असतं अल्ब्युमिन, रक्तातलं एक प्रथिन. आधी मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, वाळवायचं, मग अल्ब्युमिनच्या द्रावणात घ्यायचं, आणि काचेची भांडी वापरायची. रक्तातही ही चरबी अल्ब्युमिन आणि चांगल्या कोलेस्टेरॉलच्या कणांवरूनच फिरते.

"मग बाबांची बॅटरी?" आईनं पुन्हा विचारलं.

बाबांची बॅटरी बहुधा ठीक आहे. गेल्यात त्या केसपेशी. माणूस प्रत्येक कानात साधारण साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केसपेशी घेऊन जन्मतो, आणि गेलेली परत येत नाही. माशांत येते, पक्ष्यांत येते, आपल्यात नाही. २०२३ साली एसपीएनएस-२ बंद असलेल्या उंदरांत ते जनुक पुन्हा चालू करून गेलेलं ऐकू आणता आलं, पण त्यांच्या बाबतीत उतरली होती ती बॅटरी. शिवाय जितकं लवकर चालू केलं तितका फायदा जास्त होता. मी दोघांना सरळ सांगितलं की माझ्या कामातून बाबांना काही मिळणार नाही. आईनं तो शंखाचा कागद घडी करून देवघराच्या फळीवर ठेवला. तिनं तो का ठेवला, हे मी विचारलं नाही.

मग यंत्र. सरकारी मदतीसाठी अपंगत्वाचा दाखला लागतो. २०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल घट धरतात. बाबांची सरासरी ४३ होती. दाखला नाही. दोन्ही कानांची डिजिटल यंत्रं माझ्या शिष्यवृत्तीतून घेतली. आलेख संगणकात भरून ऑडिओलॉजिस्टनं फक्त उंच पट्टी वर नेली, खालची जवळजवळ तशीच ठेवली. पहिले तीन आठवडे बाबा चिडलेले होते: पिशवीची चुरचुर, ताटात चमचा पडल्याचा आवाज, स्वतःचंच बोलणं. मेंदूला सवय लागेपर्यंत असं होतंच. आम्ही सकाळी एक तास, मग दोन, असं वाढवत नेलं. तीनदा रत्नागिरीला जाऊन जुळवणी बदलून घेतली. ह्या फेऱ्या टाळल्या की यंत्र कपाटात जातं.

आमच्याकडचा पाऊस आणि खारी हवा हा वेगळाच त्रास. रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवायची, झिंक-एअर सेल काढून. त्या सेलचं स्टिकर काढलं की आत हवा शिरून तो चालू होतो, म्हणून स्टिकर आधी काढून ठेवायचं नाही. हे काम आता आई करते, दिवा लावते त्याच वेळी.

नारळी पौर्णिमेनंतर बाबांनी त्या व्यापाऱ्याच्या घरी जाऊन हात धरला.

बोटीवर इंजिनाशी आता माझा भाऊ बसतो, वय एकोणतीस. कानाला आवाज अडवणारे मफ लावायला तो तयार नव्हता: "इंजिनाचा आवाज बदलला तर कळायला नको?" त्याचं म्हणणं खरं आहे, इंजिन कानानंच ओळखतात. मी त्याच्याशी वाद घातला नाही, फक्त त्यालाही रत्नागिरीला नेऊन त्या खोलीत बसवलं. त्याच्या कागदावर दोन्ही रेषा चांगल्या आहेत. डाव्या कानाची तेवढी चार हजारापाशी पंचवीसपर्यंत खाली उतरलीय. तो कागद बघत बराच वेळ बसला, मग बाबांचा आलेख मागून घेतला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मफ आता इंजिनाच्या झाकणापाशी खिळ्याला असतात. निघताना तो आवाज ऐकून घेतो आणि खोल पाण्यात गेल्यावर लावतो.