जुलाब लागलेल्या पिल्लाची शी नंतर बघा, हिरड्या आधी

कुत्र्याच्या पिल्लाला पातळ शी झाली की घरातले सगळे त्या शीभोवती जमतात. रंग कसा आहे, वास कसला येतोय, काल याला कोणी काय भरवलं? हे प्रश्न विचारायचेच आहेत, पण थोडे नंतर. आधी पिल्लाला उचला आणि त्याचा ओठ वर करा.

निरोगी हिरड्या गुलाबी आणि ओलसर असतात. बोटाने दाबून सोडलं की पडलेला पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. हिरड्या बोटाला चिकट किंवा कोरड्या लागल्या, तर शरीरातलं पाणी कमी झालेलं आहे. पांढरट पडल्या असतील किंवा डाग भरायला वेळ लागत असेल, तर घरगुती उपायांचा विचार सोडा आणि पशुवैद्यकाकडे निघा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची, ती सावकाश बसली तर पाणी कमी, ही खूण बहुतेकांना ठाऊक असते. पिल्लात मात्र ती फसवते. गुबगुबीत पिल्लाची कातडी पाणी कमी असूनही पटकन बसते आणि हडकुळ्या पिल्लाची पाणी पुरेसं असूनही रेंगाळते. हिरड्यांवर जास्त भरवसा ठेवा.

मग ताप. डिजिटल थर्मामीटरच्या टोकाला थोडं व्हॅसलीन लावून ते गुदद्वारात साधारण दोन सेंटिमीटर सरकवा. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे नेहमीचं. १०३ च्या वर गेलं तर डॉक्टर, आणि ९९.५ च्या खाली आलं तरीही डॉक्टर. दुसऱ्या आकड्याकडे दुर्लक्ष होतं, कारण ‘ताप नाही’ म्हणून लोक निश्चिंत होतात. प्रत्यक्षात गार पडत चाललेलं पिल्लू तापलेल्या पिल्लाइतकंच काळजीचं असतं.

एवढी घाई कशाला, तर पिल्लाकडे शिल्लक नसते. मोठा कुत्रा दोन दिवस न खाता, जुलाब काढत पडून राहू शकतो. पिल्लाच्या यकृतात साठवलेली साखर थोडी, अंगावर चरबी थोडी आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवण्यात अजून कच्ची. तीन महिन्यांचं, लहान जातीचं पिल्लू काही तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून लटपटू लागतं, डोकं धरत नाही, कधी झटके येतात. असं झालं तर अर्धा चमचा मध किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, शुद्ध हरपत असलेल्या पिल्लाच्या तो फुप्फुसात जातो. पाच-दहा मिनिटांत ते उठून बसलं तरी डॉक्टरकडे न्यायचंच, कारण ही साखर लवकर संपते.

म्हणूनच ‘चोवीस तास उपाशी ठेवा, पोट आपोआप ठीक होईल’ हा सल्ला पिल्लाला लावू नये. तो मोठ्या कुत्र्यांसाठी होता, आणि त्यांच्यासाठीही आता पूर्वीइतका दिला जात नाही. आतड्याच्या आतल्या पेशी आपलं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात. अन्न बंद केलं की झीज भरून यायला उशीर लागतो. उलट्या होत असतील तर पोटाला तीन-चार तास विसावा पुरे. नुसते जुलाब असतील आणि पिल्लू खायला मागत असेल, तर तोही नको.

आता लक्षणांकडे. उलटी आणि अन्न वर येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोनवर डॉक्टर बहुधा हेच आधी विचारतील. उलटीत पोटाला उबळ येते, आधी लाळ गळते, बाहेर पडलेलं अन्न अर्धवट पचलेलं किंवा पिवळ्या पित्ताचं असतं. अन्न नुसतं वर आलं तर उबळ नसते. मान खाली केली की न पचलेले दाणे नळीच्या आकारात घसरून येतात. एखाद्या वेळी हे अधाशीपणाने होतं, पण रोजचं झालं तर अन्ननलिका तपासावी लागते. जुलाबांतही फरक आहे. दिवसातून तीन-चार वेळा भरपूर, पाणचट शी आणि वजनात घट, हे लहान आतड्याचं दुखणं. थोडी थोडी दहा वेळा, कुंथून, शेंबडासारखा चिकट स्राव आणि शेवटी लाल रक्ताचा थेंब, हे मोठ्या आतड्याचं. दिसायला भयंकर, पण पिल्लू उड्या मारत असेल तर बहुधा सौम्य. डांबरासारखी काळी शी मात्र वरच्या भागात रक्त गेल्याची खूण, तिथे थांबू नये.

अन्नामुळे पोट बिघडण्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे जास्त खाणं. पाकिटावरचा तक्ता, वर दिवसभराची बक्षिसाची बिस्किटं, वर घरातल्या प्रत्येकाने दिलेला एकेक घास. न पचलेलं अन्न मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, शी सैल होते. सकाळी बांधलेली आणि संध्याकाळपर्यंत सैल होत जाणारी शी दिसली, तर आधी खुराक वजनकाट्यावर मोजून दहा टक्क्यांनी कमी करून बघा. दुसरं कारण, एका रात्रीत बदललेलं खाणं. बदल सात ते दहा दिवसांत करायचा: पाव भाग नवं, दोन-तीन दिवसांनी अर्धं, मग पाऊण. तिसरं दूध. आईचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवणारा पाचकरस ओसरत जातो, आणि वाटीभर दूध मायेने दिलं तरी न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते. चौथं तेलकट खाणं, ज्याने जुलाबांबरोबर स्वादुपिंडाला सूजही येऊ शकते. कच्च्या मांसातून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू येतात आणि ते पिल्लापुरते थांबत नाहीत. भांडी घासणाऱ्यालाही लागण होते.

पण खाण्यावर खापर फोडण्याआधी जंत आठवा. गोल जंत बहुतेक पिल्लांना आईच्या पोटातूनच मिळतात. फुगलेलं पोट, पातळ अंग, निस्तेज केस आणि मधूनमधून सैल शी, असं असेल तर खाणं कितीही बदला, फरक पडत नाही. जंताचं औषध वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी आठव्या आठवड्यापर्यंत, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा, आणि प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या वजनाप्रमाणे. मागच्या महिन्याचा डोस देत राहणं ही नेहमीची चूक. एवढ्या काळात वजन दीडपट-दुप्पट झालेलं असतं. शीमध्ये जंत दिसत नाहीत म्हणजे ते नाहीत असंही नाही. जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी तर नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही आणि रोज बाहेर पडत नाही, म्हणून नमुना तीन दिवसांचा द्यावा. शी ताजी, झाकणाच्या स्वच्छ डबीत, लगेच नेता येत नसेल तर फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचं नाव वेगळं घ्यायला हवं, कारण पहिल्या दिवशी तो साध्या अपचनासारखाच दिसतो. सहा आठवडे ते सहा महिने हे त्याचं आवडतं वय. पिल्लू मलूल होतं, खाण्याकडे पाठ फिरवतं, मग उलट्या, मग उग्र वासाचे रक्ताळ जुलाब. ‘एक लस झाली आहे’ या भरवशावर राहू नये: आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसी निकामी करू शकते, म्हणून शेवटचा डोस सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर द्यायचा असतो. लसीकरण अपुरं असलेल्या पिल्लाने उलटी केली आणि खाणं सोडलं, तर त्याच दिवशी तपासणी. शीवरची झटपट चाचणी काही मिनिटांत होते.

याशिवाय लगेच निघायचं ते असं: चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त उलट्या, पाणीही पोटात न टिकणं, थेंबापेक्षा जास्त रक्त, हात लावल्यावर विव्हळणारं किंवा ताठ झालेलं पोट, उबळ येते पण बाहेर काहीच पडत नाही, आणि शी पूर्ण बंद होऊन उलट्या चालू. शेवटच्या खुणेमागे बहुतेकदा मोजा, खेळण्याचा तुकडा किंवा शिजवलेलं हाड निघतं. शिजवल्याने हाड ठिसूळ होऊन त्याच्या धारदार चिपा होतात.

हिरड्या गुलाबी, ताप नाही, शेपटी हलतेय आणि पिल्लू जंत-लसींच्या बाबतीत वेळेवर आहे, एवढं जुळलं तर एक दिवस घरी सांभाळता येतं. तीन किलोच्या पिल्लाला दर वीस मिनिटांनी पाच ते दहा मिली पाणी द्या, म्हणजे एक-दोन चमचे. वाटीभर पाणी एकदम प्यायलं की ताणलेलं पोट ते परत फेकतं. ओआरएस चालतं, पण पुडीवर लिहिलेल्या पूर्ण पाण्यात कालवूनच, आणि ‘साखरविरहित’ प्रकार नको. का ते पुढे येईल. पिल्लू स्वतःहून पीत नसेल तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या कडेने, थेंब थेंब.

खाण्यासाठी कातडी काढलेलं कोंबडीचं मांस नुसत्या पाण्यात उकडा, वर आलेली चरबी काढून टाका आणि एका भागाला दोन भाग मऊ शिजलेला पांढरा भात, शिजल्यानंतरच्या वजनाने. मीठ, तेल, कांदा, लसूण काही नाही. किती द्यायचं याचा हिशोब कॅल्क्युलेटरवर होतो: किलोतल्या वजनाचा घन करा, त्याचं वर्गमूळ, पुन्हा वर्गमूळ, आणि ७० ने गुणा. तीन किलोला साधारण १६० कॅलरी येतात. हे मिश्रण ग्रॅमला अंदाजे १.४ कॅलरी देतं, म्हणजे दिवसाला ११० ग्रॅम, सहा वेळांत विभागून १८-२० ग्रॅमचा घास. पहिले दोन घास निम्मे द्या आणि पोटात टिकतात का बघा. टिकले तर दुसऱ्या दिवशी दीडपट. तिसऱ्या दिवसापासून नेहमीचं खाणं पाव भाग मिसळायला लागा. हा आकडा फक्त आजारपणातला तळ आहे. चार महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाला एरवी याच्या तिप्पट लागतं. शिवाय भात-कोंबडीत कॅल्शियम जवळजवळ नसतंच. शी छान बांधून आली म्हणून महिनाभर तेच चालू ठेवलेली पिल्लं पुढे पाय वाकवून चालताना दिसतात.

माणसांच्या औषधांच्या डब्याला हात लावू नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, सगळंच बाद. डॉक्टरांनी साध्या जुलाबांना प्रतिजैविक दिलं नाही तर ‘औषधच दिलं नाही’ असं वाटतं, पण बरेचसे जुलाब त्याशिवाय थांबतात आणि विनाकारण दिलेलं प्रतिजैविक आतड्यातले उपयोगी जिवाणूही मारतं.

विषारी खाण्याचं गणित निराळं, तिथे लक्षणांची वाट बघायची नसते. तीन किलोच्या पिल्लाला त्रास सुरू व्हायला साधारण ३० ग्रॅम मिल्क चॉकलेट लागतं, डार्क १२ ग्रॅम, आणि बेकिंगचं कडू चॉकलेट फक्त चार-पाच ग्रॅम. साखरविरहित पदार्थांना गोडी आणणारं झायलिटॉल वजनाच्या दर किलोला ०.१ ग्रॅम पोटात गेलं की रक्तातली साखर कोसळते. च्युइंगमच्या एका गोळीत तीन किलोच्या पिल्लाला पुरेल एवढं असू शकतं. कांदा किलोला पाच ग्रॅमपासून घातक ठरतो, कच्चा, शिजलेला, पूड केलेला कसाही. त्याचा दगा असा की रक्तपेशी फुटायला तीन ते पाच दिवस लागतात, आणि हिरड्या फिक्या पडेपर्यंत कांदा खाल्ल्याचं कोणाला आठवतही नाही. द्राक्षं आणि मनुके यांची सुरक्षित मात्रा ठरलेलीच नाही. एका पिल्लाला काही होत नाही, दुसऱ्याची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बंद पडतात.

अशा वेळी वेष्टन, उरलेला तुकडा आणि खाल्ल्याची वेळ घेऊन डॉक्टरांना फोन करा. उलटी करवून विष बाहेर काढण्याचा उपयोग पहिल्या एक-दोन तासांतच, आणि ती डॉक्टरांनीच करवावी. मिठाचं पाणी तर कधीच पाजू नये, त्यातल्या सोडियमनेच पिल्लू दगावू शकतं.

खाण्याने होणारी काही दुखणी जुलाबांतून दिसतच नाहीत. नुसत्या मांसावर वाढवलेलं पिल्लू घ्या. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. पिल्लाला दोन्ही साधारण सारख्या प्रमाणात, कॅल्शियम किंचित जास्त, असे हवे असतात. रक्तातली कमतरता भरून काढायला शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो. याच्या उलट, मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित तयार खाण्यावर कॅल्शियमच्या गोळ्या देणंही तितकंच वाईट, कारण सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जादा कॅल्शियम नाकारू शकत नाही. ते शोषलं जातं आणि सांध्यांची वाढ बिघडते. या गोळ्या ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून सर्रास दिल्या जातात.

अन्नाची ॲलर्जी बहुधा पोटाआधी कातडीवर दिसते: पंजे चाटणं, कान सतत लाल होणं, ऋतू बदलला तरी न थांबणारी खाज. गोमांस, दुधाचे पदार्थ, कोंबडी आणि गहू हे नेहमीचे संशयित. रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका, त्यांचा निकाल भरवशाचा नसतो. आठ आठवडे पिल्लाने पूर्वी कधी न खाल्लेल्या एकाच प्रथिनाचं, वाढत्या वयाला पुरणारं खाणं द्यावं लागतं. पशुवैद्यकाकडूनच ते ठरवून घ्या. या काळात एक बिस्किट किंवा चवीची जंताची गोळी गेली तरी प्रयोग फसतो. खाज थांबली तर जुनं खाणं मुद्दाम परत सुरू करायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली, तर दोष अन्नाचा.