फोर्स टेबल, ४२० अंश आणि एक सही

एफईच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या, सबमिशनमध्ये बाकीच्या सह्या पटापट झाल्या. अडलं ते मेकॅनिक्सचं फोर्स टेबल. गोल टेबल, कडेला अंशांच्या खुणा, तीन पुल्या, मधल्या कडीला बांधलेले तीन दोरे आणि त्यांना लटकवलेली वजनं. कडी मधल्या खिळ्याला न टेकता स्थिर राहिली, की दोऱ्यांमधले कोन वाचायचे आणि गणिताने, म्हणजे तीन बलांच्या समतोलाच्या लामीच्या प्रमेयाने, काढलेल्या कोनांशी ताडायचे.

आमच्या वाट्याला आली १५०, २५० आणि ३५० ग्रॅम. टेबलावर कोन मिळाले ६१, १४१ आणि १५८.

सरांनी जर्नल उघडलं आणि ६१ वर पेन आपटलं. "अगं, लामीत तिन्ही कोन नव्वदच्या वर असतात. हा १८० मधून वजा कर, मग ये."

गणितातला ६० चा कोन १८० मधून वजा केला. गणिताचे तीन कोन झाले १२०, १४१.८ आणि १५८.२. बेरीज ४२०! वर्तुळात ४२० अंश, आणि आकडाही काय साजेसा. सरांना बेरीज दाखवली तर म्हणाले, "बाकीच्यांचे बघ, सगळ्यांचे नव्वदच्या वर आहेत." येणारच, त्यांची वजनं जवळजवळ सारखी होती. मग स्टाफरूमबाहेर ताटकळणं. सर लेक्चरला, सर मीटिंगला, सर "आत्ताच गेले". राग सरांपेक्षा त्या 'नेहमी १८० मधून वजा करा' या नियमाचा जास्त येत होता. प्रत्येक बॅच तो आधीच्या बॅचकडून उतरवून घेते.

लामीचं प्रमेय सांगतं की प्रत्येक बल भागिले उरलेल्या दोन बलांमधल्या कोनाचं साइन, हे तिन्हीकडे सारखंच येतं. पण ६० आणि १२० या दोघांचं साइन एकच, आणि कॅल्क्युलेटर उलटं साइन काढताना नव्वदच्या वर जातच नाही. म्हणजे कोणता कोन खरा, हे आपणच ठरवायचं. शिवाय नुसती वजनं माहीत असतील तर लामी सुरूच होत नाही, एक तरी कोन हाताशी लागतो. कोसाइनच्या नियमाला यातलं काही लागत नाही. वजनांचं प्रमाण ३, ५, ७ धरा आणि छोट्या दोघांमधला कोन θ: ४९ = ९ + २५ + ३० कोस θ. कोस θ आला ०.५, कोन ६०. शंकेला जागा नाही. सगळ्यात मोठ्या बलाचा वर्ग उरलेल्या दोघांच्या वर्गांच्या बेरजेपेक्षा जास्त असला, की त्या दोघांमधला कोन नव्वदच्या आत येतो. इथे ४९ विरुद्ध ३४. ३, ४, ५ घेतलं तर बरोबर ९०.

शेवटी लॅबच्या मामांनी टेबल पुन्हा लावून दिलं, सरांना तिथेच गाठलं आणि ग्राफिक्सचा सेट स्क्वेअर काढून त्याचा ६० चा कोपरा दोन दोऱ्यांमध्ये धरला. जवळपास चपखल बसला. सर बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "आकृती जरा मोठी काढायची होतीस," आणि सही केली.

हो, हँगरचं, म्हणजे वजनं अडकवायच्या आकड्याचं, वजनही धरा, नाहीतर छोट्या वजनांचं प्रमाणच बिघडतं. कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे ना, ते आधी पाहा. एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक पुलीच्या घर्षणाचा, तो लपवू नका, व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारतात. आणि ५०, १००, २०० अशी वजनं मिळाली तर लगेच बदलून घ्या. छोटी दोन मिळून मोठ्याला पुरत नाहीत, कडी कधीच स्थिर राहणार नाही.

सहीखाली तारीख मात्र त्याच दिवशीची पडली. उशिराचे मार्क कापले ते कापलेच.