काचेचा डबा की साधी ट्रेन

आज अख्खा रविवार स्वित्झर्लंडच्या प्लॅनिंगमध्ये गेला. बर्निना एक्सप्रेसला, म्हणजे आल्प्समधून जाणाऱ्या मोठ्या काचांच्या डब्यांच्या ट्रेनला, रेल्वे पास असला तरी सीट रिझर्व्हेशनचे पैसे वेगळे, म्हणून मी म्हटलं त्याच रुळांवरून साधी ट्रेनपण जाते, काही डब्यांच्या खिडक्याही उघडतात, २२५३ मीटरवरच्या ओस्पिझिओ बर्निना स्टेशनला वाटलं तर उतरायचं, मागच्या गाडीने पुढे. बायको म्हणे, आयुष्यभर विरार लोकलचा वारा खाल्लाय, मला काचेचा डबाच पाहिजे! मंजूर 😄

भाड्याच्या गाडीवर मात्र खरी जुंपली. झरमॅट या डोंगरातल्या गावात पेट्रोल-डिझेल गाड्यांना बंदी, अलीकडच्या टेश गावात पार्क करून पुढे ट्रेनच. सासरे म्हणाले, "मग घेताच कशाला?" मुद्दा बरोबर, पण फुर्काचा घाट मला स्वतः चालवायचाय, तोही उन्हाळ्यातच उघडा असतो. इंटरनॅशनल परमिटचं आरटीओचं काम उद्याच सुरू करतो.