आठ महिने पाऊस, चार महिने ऊन

थायलंडच्या दक्षिण भागातील रानोंग प्रांताची ओळख तिथले लोक 'आठ महिने पाऊस, चार महिने ऊन' अशी करून देतात. वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणारा हा प्रांत देशातील सर्वांत ओल्या प्रदेशांपैकी एक आहे. मी मंगळवेढ्याकडची. आमच्याकडे वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला, तरी साल बरे गेले म्हणतात. तेवढा पाऊस रानोंगला एकट्या जुलैत पडतो. इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला मी रुजू झाले, ती नेमकी पावसाच्या तोंडावर, कारण थायलंडमध्ये शाळेचे वर्ष मेच्या मध्यावर सुरू होते आणि नैऋत्य मोसमी वारेही सुमारे त्याच वेळी अंदमान समुद्र ओलांडून या किनाऱ्यावर येतात. शाळा आणि पाऊस बरोबरच सुरू होण्याची सवय आपल्यालाही आहे. इथे फक्त तो योग महिनाभर आधी येतो.

वर्गांवर पत्र्याचे छप्पर आहे. सर आली की शिकवणे अशक्य होते, आणि मुले न सांगताच वह्या उघडून लिहायला लागतात. सकाळी आठचे ध्वजवंदन मैदानाऐवजी चारही बाजूंनी उघड्या सभामंडपात होते. वर्गात शिरताना बूट बाहेर काढण्याची पद्धत असल्यामुळे दारापाशी ओल्या बुटांची रांग लागते. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी धरते. त्याबद्दल कोकणातल्या वाचकांना मी वेगळे काय सांगणार?

जूनमधल्या एका गुरुवारी 'वाई ख्रू' म्हणजे गुरुवंदनेचा सोहळा झाला. गुरुवार हा तिथेही गुरूचाच वार मानतात. मुलांनी तबकांत रचून आणलेल्या फुलांत एक्झोरा होता, वांग्याची फुले होती आणि चक्क दूर्वा होत्या. दूर्वा जशा भराभर पसरतात तशी विद्या वाढावी आणि वांग्याचे फूल जसे खाली झुकते तसा विद्यार्थी नम्र राहावा, असा त्यामागचा भाव. गणपतीखेरीज दुसऱ्या कोणासाठी दूर्वा निवडलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या मला वाहिल्या जात आहेत हे पाहून क्षणभर अवघडल्यासारखे झाले.

पुढे आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी 'खाओ फान्सा', अर्थात भिक्षूंचा वर्षावास सुरू झाला. पावसाळ्यात फिरताना नव्याने लावलेली भाताची रोपे तुडवली जाऊ नयेत, म्हणून भिक्षूंनी तीन महिने एकाच विहारात राहावे, असे त्याचे कारण सांगितले जाते. आपल्या चातुर्मासाचा हा सख्खा भाऊच. लोक विहाराला मोठाल्या मेणबत्त्या आणि पावसात अंघोळीसाठी लागणारी वस्त्रे देतात. हल्ली मेणबत्त्यांबरोबर ट्यूबलाइटही देतात, आणि मला तो बदल फार समंजस वाटला.

या पावसाळ्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले ते मात्र निबंधाच्या तासाला. 'माझा आवडता ऋतू' असा विषय दिला होता. आमच्या शाळेत हा विषय दिला, तर निम्मा वर्ग डोळे मिटून पावसाळा लिहील. इथे रबराच्या बागा असलेल्या घरांतील मुलांनी एकामागून एक नोव्हेंबर ते जानेवारीचे कोरडे, थंडावलेले दिवस निवडले होते. रबराच्या झाडाला खाच पाडून चीक गोळा करण्याचे काम मध्यरात्रीनंतर चालते. साल ओली असली, की चीक खाचेतून वाटीत न उतरता खोडावर पसरतो आणि पाऊस आलाच, तर वाटीतलाही वाया जातो. पाण्यापासून बचावासाठी खोडाला प्लास्टिकचे आडोसे लावता येतात, पण ते सगळेच लावत नाहीत. संततधार लागली, की काम बंद आणि घरात येणारे बाट, म्हणजे थाई पैसेही बंद. फेब्रुवारीनंतर झाडांची पाने गळतात, तेव्हा पुन्हा विश्रांती. एका मुलीने लिहिले होते, की रात्री पाऊस वाजला की आई गजराचे घड्याळ बंद करते.

माझे वडील ज्वारीच्या पेरणीसाठी सप्टेंबरच्या पावसाकडे डोळे लावून बसतात. फोनवर मी त्यांना इथल्या पावसाचे आकडे सांगितले, तेव्हा ते आधी हसले आणि मग म्हणाले, "त्या लोकांचं चालतं कसं?" त्यांना पावसाचा हेवा वाटेल असे मला वाटले होते, त्यांनी विचारपूस मात्र शेतकऱ्यांची केली.

ऑक्टोबरमध्ये पहिले सत्र संपते आणि वारे दिशा बदलतात. मग ईशान्येकडून येणारा पाऊस डोंगरांपलीकडच्या, थायलंडच्या आखाताच्या बाजूच्या चुम्फोन प्रांताकडे वळतो. रानोंगहून ते अंतर बसने काही तासांचे. आमचे एक सहकारी पावसाला कंटाळून दुसऱ्या सत्रासाठी चुम्फोनच्या शाळेत गेले. नोव्हेंबरमध्ये त्यांचा निरोप आला, की छत्री रानोंगलाच विसरली आहे आणि ती कोणाबरोबर तरी पाठवून द्यावी.