तुम्ही विचारलंत म्हणून: मग तुम्ही वाशीत का राहता?

व्याख्यान संपलं की तिसरा नाहीतर चौथा हात या प्रश्नाचा असतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये तोच, लग्नाच्या पंगतीत तोच. "समुद्र चढतोय म्हणता, मग तुम्ही स्वतः वाशीत कशा राहता?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सापडली बाई' असा आनंद असतो. इतकी वर्षं हसून विषय बदलला. आता एकदा सांगून टाकते.

लिफ्टमधलं उत्तर ठरलेलं आहे. गृहकर्ज, मुलाची शाळा, सासूबाईंचे डॉक्टर. वर थोडा उर्मटपणा: मधुमेहाचे डॉक्टर काय जिलबी खात नाहीत? यात खोटं काही नाही. पण खरं उत्तर वेगळंच आहे आणि ते एका नकाशापाशी अडकलंय.

मी मूळची पाण्याची इंजिनिअर. गटारं, पंप, उतार यातली. मग विद्यापीठातल्या हवामानबदलाच्या आंतरविद्याशाखीय संस्थेत आले. या शब्दावर नातेवाईक अजून अडखळतात, सासरे 'आंतरजातीय' म्हणून मोकळे होतात. एकाच मजल्यावर पावसाची मॉडेलं चालवणारे, कांदळवनवाल्या बाई, अर्थशास्त्राचे सर, किनारपट्टीच्या कायद्याच्या मॅडम आणि मी. एकत्र कशाला, तर वाशीचे धारण तलाव बघा. तुम्ही संध्याकाळी ज्यांच्या काठानं चालता तेच. भरतीच्या पातळीखाली भराव घालून शहर वसवलं, म्हणून डच पद्धतीनं हे तलाव केले. भरती आली की झडपा आपोआप बंद, ओहोटीला उघडतात. मधल्या वेळेत पडलेला पाऊस तलावानं पोटात ठेवायचा. आता पोटात गाळ आहे आणि गाळात तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं. मी म्हणते उपसा. बाई म्हणतात, झाडांना हात लावू नका. मॅडम कांदळवनं तोडायला मनाई करणारे उच्च न्यायालयाचे 2005 आणि 2018 चे आदेश पुढे ठेवतात. सर विचारतात, पैसे कोण देणार. चौघंही बरोबर असतात, हीच पंचाईत.

तर नकाशा. वाशी ते कोपरखैरणे पट्ट्यात 2050 साली मोठ्या भरतीला पाणी कुठवर येईल, ते दाखवायचं होतं. भरतीचा आकडा एका सहकाऱ्यानं दिला, 4.8 मीटर. जमिनीच्या उंचीचा तक्ता दुसऱ्याकडून आला. समुद्राच्या वाढीचे 30 सेंटिमीटर मिळवून जोडणी मी केली. दुसऱ्या दिवशी बैठक होती. बैठकीत कुणीतरी पडद्याचा फोटो काढला आणि दोन दिवसांत तो सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला, 'वाशी 2050' असं शीर्षक घेऊन. फोटो मी काढला नव्हता. हे मी अजून सांगते, कुणी विचारलं नाही तरी.

माझ्या धाकट्या काकांचा फ्लॅट तलावापासून दोन गल्ल्यांवर, तळमजल्याचा. काकूंचे गुडघे गेलेले, मुलगी पुण्याला, म्हणून विकायला काढलेला. टोकन झालं होतं. घेणारा तो फोटो घेऊनच आला आणि टोकन परत घेऊन गेला.

रात्री काकांचा फोन. "हा तुमच्याच ऑफिसचा ना?"

"काका, तो कच्चा आहे."

"कच्चा म्हणजे चुकीचा का?"

मला उत्तर देता आलं नाही. फोन ठेवून लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या इमारतीवर क्लिक केलं. जमीन 2.9 मीटर. पाणी 5.1. म्हणजे पार्किंगमध्ये दोन मीटरच्या वर पाणी, उभा माणूस बुडेल इतकं. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. 4.8 ची भरती काही 2050 ची वाट बघत बसलेली नाही, तसली भरती पावसाळ्यात आत्ताही येते. त्या दिवशी काकांची स्कूटर तिथेच कोरडी उभी असते.

शून्य वेगळं होतं. भरतीच्या तक्त्यातलं शून्य जहाजवाल्यांचं. ओहोटीचं पाणी त्याच्याखाली सहसा जात नाही, इतकं ते खाली धरलेलं, म्हणजे जहाज गाळात बसत नाही. जमीन मोजणाऱ्यांचं शून्य समुद्राच्या सरासरी पातळीवर. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. 2019 साली तो मुंबई बुडवणारा परदेशी नकाशा गाजला, तेव्हा त्यात बांध धरलेलेच नाहीत म्हणून व्याख्यानात खिल्ली उडवणारीही मीच.

चूक कशी झाली याचा आढावा घेतला, त्या बैठकीत मी म्हणाले, ही व्यवस्थेतली चूक आहे. दोन विषयांच्या मधली जागा कुणाचीच नसते. तक्त्यात नुसतं 'मीटर' लिहिलेलं होतं, कुणाच्या शून्यापासून ते नव्हतं. आज ते वाक्य आठवलं की कानशिलं तापतात. त्या मधल्या जागेसाठीच तर मला पगार मिळतो. एक फोन करून विचारायचं होतं. तरी खरं सांगू? अर्ध्या वेळेला मला अजूनही वाटतं की मी म्हणाले ते बरोबर होतं.

अडीच मीटर वजा जाऊन पाण्याचा दुरुस्त आकडा 2.6 आला. काकांची जमीन एक फूट वर. मी आनंदानं फोन करणार होते. पण आता नीटच करायचं म्हणून त्यात पाऊस घातला. कुठला पाऊस, यावरच दोन बैठका झाल्या, कारण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला 75 सुद्धा नाही. शेवटी मध्यमसा धरला. भरती वर, झडपा बंद, तलाव गाळानं अर्धा भरलेला. काकांच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी.

काका म्हणाले, "चूक झाली असं लेखी दे. त्याला दाखवतो." रास्त मागणी होती. मॅडम म्हणाल्या, पत्र जरूर द्या, पण पहिला नकाशा चुकला हे लिहिताना दुसरा काय म्हणतो तेही लिहावं लागेल. तसं पत्र दिलं. काकांनी ते वाचलं, घडी घातली आणि चहा घेऊन जा म्हणाले. फ्लॅट वर्षानं विकला. कितीला, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. घेणाऱ्याला पत्र दाखवलं का, हेही नाही.

आता तुमचा प्रश्न. माझी इमारत तलावापासून चौथ्या गल्लीत आहे. दुरुस्त नकाशात तिचा रंग कोणता, ते मला माहीत आहे. घर विकायचं तर घेणाऱ्यासमोर तो नकाशा ठेवायला हवा, आणि ठेवला तर तो घेणार नाही. नवरा म्हणतो, कोण दाखवतं असलं काही? कुणीच नाही, बरोबर आहे त्याचं. शिवाय जाऊ कुठे? ठाण्याला म्हणाल तर तिथेही तीच खाडी.

गेल्या दिवाळीत दलालाचा फोन आला होता. मॅडम, तुमच्या लाइनीत भाव चढलाय, पार्टी रोख द्यायला तयार आहे. मी म्हटलं, मुलाची दहावी होऊ दे. मुलगा सातवीत आहे.